रिव्हिजनकाकांचं बटण

रिव्हिजनकाका जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी विचारायचे, “आमटी कितवी रिव्हिजन?” ताजी असेल तर झीरो. कालची गरम केलेली असेल तर वन. कालच्या आमटीत पाणी आणि मूठभर डाळ घालून ती वाढवली असेल तर टू, आणि टू असेल तर तसं आधी जाहीर करावं असा त्यांचा आग्रह. “नावं नाही ठेवत रे. पण खाणाऱ्याला कळलं पाहिजे, आपण कुठली प्रत खातोय.” दोह्यात नजमा भागातल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो: काका, मी आणि शाजी नावाचा मल्याळी सर्व्हेयर. शाजीला मराठीचा गंध नव्हता, पण कुकरचं झाकण उघडताना “काका, आज झीरो!” एवढं तो न चुकता ओरडायचा.

त्यांचं खरं नाव वसंत पेठकर, मूळचे नाशिकचे. मी पुण्याहून दोन वर्षांच्या करारावर आलो तेव्हा ते छप्पन्न-सत्तावन्नचे असतील. अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम तीन पेनं, आणि चेहऱ्यावर रांगेत मध्येच घुसणाऱ्याकडे बघावं तसा भाव. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. “पासपोर्टवर पण हेच आहे ना? स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आत्ताच सांगून टाक,” म्हणाले. या गृहस्थांबरोबर आपले दोन महिनेसुद्धा निघायचे नाहीत असं मला वाटलं होतं. पुढे दोन वर्षं निघाली, आणि दोह्यातलं आणखी कोणी मला इतकं आठवत नाही.

ज्यांनी आखाती देशांत बांधकामावर काम केलंय त्यांना डॉक्युमेंट कंट्रोलर हा काय प्राणी असतो ते माहीत आहे. इतरांसाठी सांगतो. इमारत उभी राहताना तिची ड्रॉइंग्ज सतत बदलत असतात. दरवाजा इकडचा तिकडे जातो, पाइप वरचा खाली येतो. बदल झाला की ड्रॉइंगची नवी रिव्हिजन निघते आणि बदललेल्या जागेभोवती ढगासारखी वेटोळी रेघ काढतात. ही नवी प्रत ज्याला त्याला पोचवायची आणि जुनी परत घ्यायची, हे काकांचं काम. परत आलेल्या प्रतीवर ते लाल शिक्का मारत: ‘सुपरसीडेड’. म्हणजे ही आता बाद, हिची जागा दुसरीने घेतली. अल दुहैलमध्ये आमच्या कंपनीचं एका शाळेचं बांधकाम चालू होतं, तिथल्या पोर्टाकॅबिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या तात्पुरत्या ऑफिसात, ते बसायचे. शिक्का असा हाणायचे की पलीकडच्या टेबलावरचा माझा चहा बशीत सांडायचा.

“साइटवर दोन रिव्हिजन कधी ठेवायच्या नाहीत. माणूस हमखास जुनी उचलतो,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते अनुभवातून आलं होतं. फार पूर्वी एका फोरमनने जुनं ड्रॉइंग खिशात ठेवून दिलं, कारण त्याच्या पाठीवर त्याने गावाकडचा फोन नंबर लिहिला होता. त्या ड्रॉइंगवरून पंपरूमची अख्खी भिंत तीन फूट सरकवून बांधली गेली आणि आठवडाभरात पाडावी लागली. तेव्हापासून काका रोज सकाळी फोरमन लोकांचे खिसे तपासत. आमचा सहा फुटी फोरमन त्यांना पाहिलं की आपणहून दोन्ही हात वर करायचा. काका त्याच्या छातीपर्यंत यायचे. खिसे चाचपून झाले की ते “खलास!” म्हणायचे, तो “शुक्रन, काका!” म्हणायचा आणि दोघंही गंभीर चेहऱ्याने कामाला लागायचे.

घरी तर विचारू नका. शुक्रवारी सकाळी आम्ही अल मन्सूराला किराणा आणायला जायचो, तर वाणसामानाच्या यादीतसुद्धा गेल्या वेळेपेक्षा जे बदललं असेल त्याभोवती ढग काढलेला असायचा. माझी आई स्थळं पाठवायची. मी एकदा एका मुलीला नाही म्हटलं, मग फोटो पुन्हा बघून बघू या म्हटलं, मग परत नाही म्हटलं. काकांनी शांतपणे विचारलं, “तुझ्या नकाराची ही कितवी रिव्हिजन? नाही, म्हणजे त्या मुलीच्या घरी जुनी प्रत पडून राहायला नको.” मी चिडलो. पण संध्याकाळी आईला फोन करून एकदाचं काय ते सांगून टाकलं.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

कुसुमकाकू पूर्वी दोह्यातच होत्या. दोघं अल मन्सूरात एका जुन्या इमारतीत राहायचे, मूलबाळ नव्हतं. काकू अल दुहैलच्या एका शाळेत लहान गटाच्या मुलांना सांभाळायच्या. पोरं मराठी घरातली असली तरी काकूंशी इंग्रजीतून बोलायची आणि काकू नाशिकच्या मराठीत उत्तरं द्यायच्या. मग हळूहळू काकूंना विसर पडायला लागला. आधी चहात दोनदा साखर, मग मुलांची नावं. एके दिवशी शाळेची बस रोजच्या कोपऱ्यावर थांबली, तर आपलं घर कुठलं तेच काकूंना सांगता येईना. ड्रायव्हर बिचारा तासभर त्यांना घेऊन मन्सूराच्या गल्ल्यांतून फिरत होता. त्यानंतर काकांनी त्यांना नाशिकला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, विजूमावशींकडे नेऊन ठेवलं. दिवसभर कोणीतरी जवळ हवं होतं, आणि इथली नोकरी सोडली तर तिथलं औषधपाणी चालायचं कसं? “एक वर्ष बघतो, मग कायमचा जातो,” असं ते म्हणाले होते. त्याला मी भेटेपर्यंत सहा वर्षं झाली होती. दर डिसेंबरला ते ‘पुढच्या डिसेंबरला, इन्शाल्ला’ म्हणायचे. या एका गोष्टीच्या इतक्या रिव्हिजन झाल्या, पण तिचा नंबर त्यांना कोणी विचारला नाही.

रोज दुपारी साडेबाराला, म्हणजे नाशकात तीन वाजता, काका फोन लावायचे. पोर्टाकॅबिनमध्ये तेव्हा आम्ही दोघंच असायचो. डबा उघडायचा, फोन स्पीकरवर टाकून वरणभाताच्या शेजारी ठेवायचा. विजूमावशी आधी बोलायच्या, मग पलीकडून काकूंचा आवाज यायचा, “कोण बोलतंय?” आणि काका म्हणायचे, “मी सिरियलवाला.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग कळलं. हा आवाज आपल्या नवऱ्याचा आहे हे काकूंच्या ध्यानातून केव्हाच गेलं होतं. एकदा काकांनी “अगं, मी वसंत!” असं ठासून सांगून पाहिलं, तर त्या इतक्या घाबरल्या की दोन दिवस फोनला शिवल्या नाहीत. पण एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात कशी कोण जाणे टिकून होती. मन्सूराच्या घरी दोघांनी मिळून एक परदेशी मालिका पाहिली होती, स्पेनकडची, हलकीफुलकी प्रेमकथा. खाली इंग्रजी अक्षरं यायची. काकूंना ती इतक्या भरभर वाचता यायची नाहीत, म्हणून काका त्यांना मराठीत करून मोठ्याने सांगायचे. नायिका काय म्हणाली, नायक काय म्हणाला, सगळं काकांच्या आवाजात. नवरा पुसला गेला आणि सांगणारा राहिला.

गोष्ट साधी होती. एक लॉन्ड्रीवाली असते. एक भिडस्त बँकवाला तिच्याकडे दर आठवड्याला तोच कोट धुवायला टाकतो. कोटाचं एक बटण तुटलेलं असतं, ते त्याने तिच्याकडे देऊन ठेवलेलं. ती रोज ते डब्यातून काढते, सुई ओवते आणि परत ठेवून देते. कारण बटण लावून दिलं की कोट पुरा झाला, मग हा कशाला येईल? शेवटच्या भागात ती बटण लावते आणि तो तरीही येतो. बस, एवढंच. काका रोज त्यातला एखादा प्रसंग सांगायचे आणि काकू शेवटी एकच प्रश्न विचारायच्या, “मग लावलं का हो तिने बटण?”

“अजून नाही,” काका सांगायचे. “उद्या बघू.”

“लावेल हो ती,” काकू म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. मग काका भात कालवायला घ्यायचे. तोवर तो गार झालेला असायचा.

मी एकदा न राहवून विचारलं, “काका, कायमचे घरी गेलात की काय सांगणार? त्या तुम्हाला घरात तरी घेतील का?” बोलून गेलो आणि जीभ चावली. पण त्यांना राग आला नाही. त्यांनी या प्रश्नाचा माझ्या आधीच विचार केला होता. म्हणाले, “दारात उभा राहीन आणि विचारीन, लावलं का हो बटण? ती आवाज ओळखेल. म्हणेल, अरे, सिरियलवाले आले. या, बसा. नवरा म्हणून नाही घेतलं तरी चालेल रे. साइटवर गेटपास लागतो ना? बटण माझा गेटपास आहे. माझ्याकडे दुसरा कुठलाच नाही.”

आणि आता माझा पराक्रम. एका गुरुवारी मोबाइल चाळता चाळता मला दिसलं की त्याच मालिकेचा कोरियन रिमेक आलाय. सोळा भाग, दर शुक्रवारी आणि शनिवारी एकेक. मी मोठ्या उत्साहाने काकांना जाऊन सांगितलं. ते उठून उभेच राहिले. “म्हणजे नवी रिव्हिजन निघाली?” म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. ते सांगायचं मला कोणी सुचवलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. कोणीच नाही. माझाच आगाऊपणा.

शुक्रवारी संध्याकाळी माझा लॅपटॉप स्टुलावर ठेवला गेला. काका वही आणि तिन्ही पेनं घेऊन पुढे बसले, मागे मी आणि शाजी. काकांना मूळ मालिका पाठ होती, त्यामुळे ते आधीच सांगायचे, “आता पाऊस येणार. आता ही शटर ओढणार.” आणि कोरियन बाईने शटर ओढलं की मान डोलवायचे, “तसंच ठेवलंय. अप्रूव्ह्ड.” जिथे फरक दिसेल तिथे वहीत नोंद आणि तिच्याभोवती लाल ढग. नायकाची बँक जाऊन शाळा आली, ढग. आईच्या जागी आजी आली, ढग. आणि पहिल्याच भागात सर्वांत मोठा फरक निघाला. तुटलेलं बटण नव्हतंच. हा मास्तर दर खेपेला दुकानात आपला थर्मास विसरून जातो आणि ती तो परत देत नाही.

शाजी अस्वस्थ झाला. मूळ गोष्ट मी त्याला हिंदीतून सांगितली होती. “काका, बटन किधर गया?”

“डिझाइन चेंज,” काका म्हणाले आणि थर्मासभोवती त्यांनी दुहेरी ढग काढला.

रविवारपासून ते काकूंना नवी मालिका सांगायला लागले. मला धाकधूक होती. पण काकू हसल्या! आजीबाई थर्मासमधला चहा चोरून पितात या प्रसंगाला तर इतक्या हसल्या की विजूमावशी काय झालं म्हणून आतून धावत आल्या. आणि दुसऱ्या दिवशी खरी गंमत झाली. काकांनी “मी सिरियलवाला” म्हणताच पलीकडून प्रश्न आला, “थर्मास दिला का परत?”

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. आदल्या दिवशीची गोष्ट काकूंना आज आठवत होती. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी सगळ्या पोर्टाकॅबिनला कडक चहा पाजला, फोरमनचे खिसे न तपासताच त्याला “यल्ला, जा” म्हणाले. मला बाजूला घेऊन त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, “नवीन काहीतरी आत शिरतंय रे. थर्मास शिरला तर उद्या आणखी काही शिरेल. कदाचित मी पण शिरेन.” मी हो म्हटलं. माझाही विश्वास बसला होता, खोटं कशाला सांगू?

तीन आठवडे असे गेले. पण काकूंच्या डोक्यात आता दोन्ही गोष्टी होत्या. एखाद्या दिवशी थर्मास विचारायच्या, एखाद्या दिवशी बटण, आणि कधी दोन्हींची गाठ पडून त्रासायच्या. “थर्मासला बटण कसं लावतील हो?” असं एकदा रडवेल्या आवाजात विचारलं. काकूंचा गोंधळलेला आवाज काकांना ऐकवत नसे. आणि दोन रिव्हिजन एकत्र राहिल्या की काय होतं, हे दोह्यात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? वीस वर्षं ज्याने खिसे तपासले, तो माणूस बायकोच्या बाबतीत वेगळं कसं वागेल? त्याला प्रेम करायची दुसरी रीतच माहीत नव्हती.

तो मंगळवार होता. मी समोर बसून पोळीभाजी खात होतो. काकूंनी विचारलं, “मग लावलं का हो तिने बटण?”

“बटण नाही आता,” काका समजावणीच्या सुरात म्हणाले. “ते बदललं. आता थर्मास आहे.”

“असं कसं? बटण आहे. आमच्या ह्यांच्याबरोबर पाहिलीय मी. ह्यांना विचारा तुम्ही. ते कधी खोटं सांगायचे नाहीत.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे वाकून म्हणाले, “त्यांना विचारलंय मी. तेच म्हणाले, बटण रद्द झालं. ते विसरा म्हणाले.”

“ते म्हणाले?”

“हो.”

“मग असेल,” काकू म्हणाल्या. “ते म्हणाले तर विसरते.”

काकांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, आनंदाने. “ऐकलंस? माझं ऐकलं तिने. मी म्हटलं म्हणून ऐकलं.” मी म्हटलं, “वा, काका.” मला तेव्हा काहीही वाटलं नाही. पोळी संपवली आणि डबा धुवायला गेलो.

सहा वर्षांत काकूंना कोणी सांगितलेली एकच गोष्ट त्यांनी नीट पाळली असेल तर ती ही. बटण गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी नाही. काका सुरुवातीला खूश होते. पण आठवड्याभरात थर्मासही गेला. तो नवा होता, वरवर बसला होता, त्याला खाली आधार होता तो जुन्या गोष्टीचाच. काका आजीबाईंचा चहा सांगायचे आणि पलीकडून नुसतं “हं” यायचं. मग “हं”सुद्धा येईना. एके दुपारी विजूमावशींनी संकोचत सांगितलं, “भाऊजी, ती फोनवर यायला तयार नाही. कोण सिरियलवाले, म्हणते.”

काकांनी हरतऱ्हेने प्रयत्न केले. “जुनी परत इश्यू करतो,” म्हणाले. पहिल्या भागापासून लॉन्ड्री, कोट, सुईदोरा, बटणाचा डबा, जसंच्या तसं, त्याच शब्दांत सांगायला घेतलं. विजूमावशी फोन काकूंच्या कानाशी धरून बसायच्या आणि काका पोर्टाकॅबिनमध्ये एकटेच दोघांचेही संवाद म्हणत राहायचे. डबा तसाच बंद परत जायचा. आमच्या खोलीत आमटीची रिव्हिजन विचारणं कधी बंद झालं ते मला आठवत नाही. शाजी झाकण उघडताना “झीरो” म्हणायचा आणि काकांकडे बघायचा. काका मुकाट्याने वाढून घ्यायचे.

एका शुक्रवारी ते मला म्हणाले, “तो फोरमन आठवतो का रे, तुला सांगितलेला? भिंतवाला? मी त्याचं जुनं ड्रॉइंग काढून घेतलं आणि शिक्का मारून फाइलला लावलं. पंधरा दिवसांनी तो माझ्याकडे आला, म्हणाला, पाठीमागचा नंबर तेवढा उतरवून घेऊ दे, आईचा आहे. मी म्हटलं, बाद प्रत देता येत नाही. नियम आहे.”

तरी मालिका त्यांनी शेवटपर्यंत पाहिली. अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटचा भाग शनिवारी संध्याकाळी आला. काका पुढे, मी आणि शाजी मागे. आता नोंदी होत नव्हत्या, पेनं खिशातच होती. मास्तर शहर सोडून निघालेला असतो. ती थर्मास घेऊन त्याच्या मागे धावते, तो हसतो, सगळं व्हायचं तसं होतं. आणि मग, अगदी शेवटी, ती दुकानात परत येते, आजीचा खण उघडते आणि आतून काढते एक जुनं, मोठं, तपकिरी बटण. सुई ओवते आणि मास्तरच्या कोटाला ते लावायला बसते. रिमेक करणाऱ्यांनी मूळ मालिकेला जाता जाता नमस्कार केला होता. ते बटण त्यांनी टाकलं नव्हतंच, सोळा भाग खणात ठेवलं होतं.

“काका, बटन!” शाजी ओरडला.

काकांनी तोवर फोन उचलला होता. नाशकात साडेआठ वाजून गेले होते, काकूंची झोपायची वेळ. “विजू, तिला दे. दे म्हणतो ना! तिला सांग, बटण आहे. रद्द नाही झालं. माझी चूक झाली, बटण आहे!” पहिल्यांदाच ते “मी सिरियलवाला” म्हणायला विसरले होते. स्पीकरवर आधी खुडबुड ऐकू आली, मग विजूमावशींचा आवाज, “ताई, बघ ना, भाऊजी म्हणतायत बटण आहे.”

काकूंचा आवाज अगदी शांत होता. “बटण? माझी सगळी आहेत,” त्या म्हणाल्या. बहुधा गाऊनची चाचपून पाहिली असावीत. “झोपू दे आता.”

शाजीने लॅपटॉप मिटला. काका म्हणाले, “आठ आठवडे थांबायचं होतं रे. फायनल इश्यू होईपर्यंत जुनी प्रत काढायचीच नसते. हा तर पहिला नियम.” असा काही नियम नाही. निदान आमच्या कंपनीत नव्हता.

त्या डिसेंबरला मात्र ते खरंच कायमचे गेले. पुढच्या डिसेंबरची वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. विमानतळावर सोडायला मी आणि शाजी गेलो. सामान फारसं नव्हतं. निघताना त्यांनी खिशातून तो लाल शिक्का काढून माझ्या हातात दिला. कंपनीचा शिक्का चोरून आणणं हा या माणसाच्या आयुष्यातला एकमेव गुन्हा असेल. “ऑफिसला नवीन केलाय. हा कोणाला देऊ नकोस,” म्हणाले. मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. “घरी गेल्यावर हळूहळू ओळखतील काकू,” असं मी म्हटलं. ते माझ्या खांद्यावर थोपटून आत गेले. मी काय बोललो ते मलाही पटलं नव्हतं.

शिक्का माझ्या खणात आहे. माझ्या घरात आता जुनी बिलं, जुने फोन, आईने पाठवलेली जुनी पत्रं, सगळं साठलंय. बायको वैतागते. मला टाकवत नाही.

गेल्या महिन्यात मी काकांना फोन केला. आवाज खणखणीत होता. म्हणाले, सगळं ठीक आहे. काकू विजूमावशींना सांगतात की बाहेर ते कोण गृहस्थ बसलेत त्यांना चहा दे, त्यामुळे चहा वेळेवर मिळतो. मी भीत भीत विचारलं, मालिकेचं कधी निघतं का?

“समोर बसून सांगितलं की उठून जाते,” काका म्हणाले. “परक्या माणसाने जवळ येऊन बोललेलं तिला आवडत नाही. म्हणून मी रोज तीन वाजता आतल्या खोलीत जातो आणि तिथून फोन लावतो. विजू उचलून तिच्या कानाला लावते. न जाणो, फोनवरचा आवाज तरी.”

“मग? बोलतात का काही?”

“बोलली ना परवा.”

“काय म्हणाल्या?”

“राँग नंबर, म्हणाली.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? ‘सॉरी हं, बाई’ म्हटलं आणि ठेवला.”